वैद्यकीय शोधलेखन व प्रकाशननीती

वैद्यकीय शोधलेखन व प्रकाशननीती : रुग्णांच्या निरीक्षणातून, प्रयोगशाळेतील कामातून अथवा लोकवस्तीतील पाहणीतून हाती आलेली माहिती लेखबद्ध करून ती नियतकालिकाकडे पाठविणे, तेथील संपादक व तज्ज्ञ यांनी ती तपासणे आणि अखेरीस ती प्रसिद्ध होणे, या क्रमास वैद्यकीय शोधनिबंधाचे प्रकाशन म्हणतात. या क्रमात लेखक, परीक्षक, संपादक आणि प्रकाशक यांनी पाळावयाच्या नियमांना प्रकाशननीती ही संज्ञा आहे. असे नियम सर्वच शास्त्रांत आहेत; परंतु वैद्यकात त्यांना वेगळे महत्त्व आहे. दूरच्या गावी बसलेला चिकित्सक छापील निबंध वाचतो आणि त्याच्या आधारे समोरच्या रुग्णास औषध देतो. निबंधातील रुग्ण त्याने पाहिलेले नसतात, लेखकाशी त्याचा परिचय नसतो. छापील मजकुरावरील विश्वास एवढाच दोघांमधला दुवा असतो. हा विश्वास कसा निर्माण झाला, तो कोठे ढळला आणि तो सावरण्यासाठी कोणते उपाय योजण्यात आले, हे महाराष्ट्रापुरते पाहिले तरी सु. १९० वर्षांचा इतिहास समोर येतो.

उद्गम : शास्त्रीय नियतकालिकांचा आरंभ सतराव्या शतकातील युरोपात झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स हे नियतकालिक सुरू केले. विद्वानांची परस्परांस जाणारी पत्रे एकत्र छापावीत आणि शोध कोणी आधी लावला याची तारीखवार नोंद राहावी, हा त्यामागील हेतू होता. वैद्यकाला वाहिलेली नियतकालिके पुढील दोन शतकांत निघाली. टॉमस वॉक्ली यांनी १८२३ मध्ये लंडन येथे लॅन्सेट हे साप्ताहिक सुरू केले. भारतात कलकत्ता येथे इंडियन मेडिकल गॅझेट १८६६ मध्ये व इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ मध्ये सुरू झाले. आलेल्या मजकुराची निवड आरंभी बहुतांशी संपादक स्वतःच करीत. बाहेरच्या तज्ज्ञांकडून प्रत्येक निबंध तपासून घेण्याची आजची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सर्वत्र रूढ झाली.

मुंबई इलाख्यातील आरंभ : मुंबईत मेडिकल अँड फिजिकल सोसायटी १८३५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे कामकाज १८३८ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. संस्थेचे सभासद बहुधा इलाख्यातील सरकारी वैद्यकीय अधिकारी असत. त्यांपैकी कोणी आपल्या ठाण्यावरील रुग्णांचा वृत्तांत पाठवी, तो सभेत वाचला जाई, त्यावर चर्चा होई आणि मग तो छापला जाई. लेखक व श्रोते एकमेकांस ओळखत असल्यामुळे मजकुराची पारख त्या ओळखीवरच होत असे. परक्या लेखकाच्या मजकुराची पारख कशी करावी, हा प्रश्न अजून उभा राहिलेला नव्हता.

१८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाल्यावर या लेखनाला शिक्षणसंस्थेचे अधिष्ठान मिळाले. तेथील शारीर व शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (१८३१–९७) हे या कालखंडातील सर्वांत महत्त्वाचे संशोधक होत. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते व पुढे १८७७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांत आढळणारा व ‘मदुरा पाय’ या नावाने ओळखला जाणारा विकार कवकामुळे होतो, हे त्यांनी दाखविले आणि त्यास ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. त्यांचे यावरील पहिले निबंध मुंबईच्या वरील संस्थेच्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले होते.

लेखकत्वाच्या श्रेयाचा प्रश्नही कार्टर यांच्याच चरित्रात ठळकपणे दिसतो. १८५८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या आणि आजही नव्या आवृत्त्यांतून वापरात असलेल्या ग्रेज ॲनाटॉमी या ग्रंथाची चित्रे कार्टर यांनी काढली होती आणि त्यासाठीची शवविच्छेदने त्यांनी हेन्री ग्रे यांच्याबरोबर केली होती. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच कार्टर हिंदुस्थानास निघून आले. मुखपृष्ठावर त्यांचे नाव ग्रे यांच्या नावापेक्षा लहान टाइपात छापले गेले. विक्रीतून मिळणाऱ्या मानधनात त्यांना वाटा नव्हता. एकरकमी मोबदल्यावर त्यांची बोळवण झाली. ज्याने काम केले त्याचे नाव योग्य जागी यावे, हा नियम लेखी स्वरूपात येण्यास यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली.

नियतकालिकाची निवड : निबंध कोठे प्रसिद्ध होतो यावर त्याचा परिणाम किती अवलंबून असतो, हे सर्पगंधा या वनस्पतीच्या इतिहासावरून कळते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये इंडियन मेडिकल वर्ल्ड या कलकत्त्याच्या नियतकालिकात सर्पगंधेचा उन्माद व अतिरक्तदाब यांवरील उपयोग नोंदविला. भारतीय चिकित्सकांनी ती वापरली. परंतु भारताबाहेर या निबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपल्या चाचणीचा निबंध १९४९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाचा अभ्यास हाती घेतला आणि रक्तदाबावरील औषधोपचाराला नवी दिशा मिळाली. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देण्यात आले. देशातील काम देशातच प्रसिद्ध केले तर ते अज्ञात राहते आणि परदेशी पाठविले तर देशातील नियतकालिके क्षीण होतात, हा पेच भारतीय संशोधकांपुढे तेव्हापासून आहे.

या पेचावर उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न मुंबईतच झाला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाच्या संघाने १९५५ मध्ये जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन हे त्रैमासिक सुरू केले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लेखनाची संधी मिळावी आणि रुग्णालयातील अनुभव नोंदला जावा, हा त्याचा प्रारंभीचा उद्देश होता. पुढे हे नियतकालिक आंतरराष्ट्रीय सूचींत समाविष्ट झाले. संगणकीय माध्यमाचा लवकर अवलंब करणाऱ्या आणि आपला मजकूर वाचकांस विनामूल्य खुला करणाऱ्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत त्याची गणना होते. सुवर्णमहोत्सवानिमित्त २००४ मध्ये त्याने वैद्यकीय लेखन या विषयावर मुंबईत परिषद भरविली. लेखन व संपादन ही शिकविण्याची आणि शिकण्याची बाब आहे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजविण्यात या नियतकालिकाचा वाटा मोठा आहे.

नियमांची घडण : आजच्या प्रकाशननीतीचे बहुतेक नियम दुसऱ्या महायुद्धानंतर आकारास आले. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकी येथे मानवी संशोधनाविषयीची घोषणा स्वीकारली. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेतील हेन्री बीचर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधून रुग्णांना पुरेशी कल्पना न देता अथवा त्यांना धोक्यात घालून केलेल्या २२ संशोधनांची उदाहरणे मांडली. ती सर्व उदाहरणे प्रतिष्ठित संस्थांमधील कामांतून घेतलेली होती. हेलसिंकी घोषणेच्या १९७५ मधील टोकिओ येथील सुधारणेत, या तत्त्वांशी विसंगत असलेल्या प्रयोगांचे वृत्तांत प्रसिद्धीसाठी स्वीकारू नयेत, असे नमूद करण्यात आले. संपादकाच्या हाती आलेला हा अधिकार महत्त्वाचा आहे. प्रयोग होऊन गेल्यावर त्यातील रुग्णाचे नुकसान भरून येत नाही; परंतु प्रसिद्धी मिळणार नाही हे आधीच ठाऊक असेल, तर तसा प्रयोग करण्याचे एक मोठे प्रलोभन नाहीसे होते.

न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये, अन्यत्र प्रसिद्ध झालेला मजकूर स्वीकारला जाणार नाही, असे जाहीर केले. एकच निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठविण्याच्या दंडकास त्यामुळे बळ मिळाले. १९७८ मध्ये काही प्रमुख वैद्यकीय संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले आणि हस्तलिखित कसे असावे याविषयीचे त्यांचे समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा गट पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८५ मध्ये या समितीने लेखकत्वाचे निकष ठरविले. सध्याच्या निकषांनुसार, संशोधनाच्या आखणीत अथवा माहितीच्या संकलनात वा विश्लेषणात भरीव सहभाग, मसुदा लिहिणे किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणे, अंतिम मसुद्यास मान्यता देणे आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारणे, या चारही गोष्टी पूर्ण करणाऱ्यासच लेखक म्हणता येते. केवळ विभागप्रमुखपद, निधी मिळवून देणे किंवा रुग्ण उपलब्ध करून देणे, हे लेखकत्वास पुरेसे नाही. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना जबाबदारी स्वीकारता येत नसल्याने त्यांना लेखक म्हणून दाखविता येणार नाही, असेही या समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

लंडन येथे १९९७ मध्ये प्रकाशननीती समिती स्थापन झाली व गैरप्रकारांबाबत संपादकांनी कोणती पावले उचलावीत, याचे मार्गदर्शन ती करू लागली. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मानवी संशोधनाच्या नैतिक बाजूविषयी १९८० मध्ये धोरण-निवेदन काढले. २०००, २००६ व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ मध्ये संशोधनातील सचोटी व प्रकाशननीती यांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. चिकित्सालयीन चाचण्यांची भारतीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि औषध-चाचण्यांची तीत आगाऊ नोंद करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक करण्यात आले. चाचणी सुरू होण्याआधीच तिची नोंद झाल्यामुळे प्रतिकूल निष्कर्ष दडपून ठेवणे अथवा चाचणीचा उद्देश मागाहून बदलणे अवघड झाले.

हस्तलिखिताचा प्रवास : या नियमांचा प्रत्यक्षातील क्रम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुणे जिल्ह्यातील बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयातील अथवा शेजारच्या इंदापूरसारख्या तालुक्यातील एखाद्या चिकित्सकास ऊसतोडणी कामगारांच्या सर्पदंशात एखादे निराळे लक्षण वारंवार आढळले, तर पहिली गोष्ट म्हणजे त्याने काटेकोर नोंदी ठेवावयास हव्यात. पद्धतशीर अभ्यास करावयाचा असल्यास त्याचा आराखडा संस्थेच्या नैतिकता समितीपुढे आधी ठेवावा लागतो. काम पूर्ण झाल्यावर मागाहून घेतलेली परवानगी ग्राह्य धरली जात नाही. रुग्णास त्याच्या भाषेत सर्व कल्पना देऊन संमती घ्यावी लागते. एकाच रुग्णाचा वृत्तांत अथवा छायाचित्र छापावयाचे असेल, तर प्रसिद्धीसाठी वेगळी लेखी संमती आवश्यक असते. लहान गावात वय, व्यवसाय आणि वस्ती एवढ्या तपशिलावरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून केवळ नाव वगळल्याने गोपनीयता राखली गेली, असे मानता येत नाही.

यानंतर निबंध प्रास्ताविक, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा या क्रमाने लिहिला जातो. सोबतच्या पत्रात हा मजकूर अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व विचाराधीन नाही, असे लेखकास लिहून द्यावे लागते. निधी कोठून मिळाला आणि औषध-कंपन्यांशी काही आर्थिक संबंध आहेत काय, हेही सांगावे लागते. संपादक प्रथम मजकूर नियतकालिकाच्या कक्षेत बसतो की नाही हे पाहतात व मग तो दोन किंवा अधिक परीक्षकांकडे पाठवितात. परीक्षकांनी हस्तलिखित गोपनीय ठेवावयाचे असते, त्यातील कल्पनेचा स्वतःसाठी उपयोग करावयाचा नसतो आणि लेखकाशी स्पर्धा वा स्नेह असल्यास काम नाकारावयाचे असते. बहुतेक निबंध नाकारले जातात किंवा दुरुस्तीसाठी परत येतात. नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठविण्यास लेखक मोकळा असतो. मात्र परीक्षकांनी दाखविलेली चूक तशीच ठेवून तो पुढे पाठविणे हे सचोटीला धरून नाही.

या पद्धतीच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. परीक्षक रुग्णांना पाहत नाही, नोंदवह्या उघडत नाही. लेखकाने दिलेली माहिती खरी आहे, असे धरूनच तो तिच्या मांडणीची व तर्काची तपासणी करतो. अनवधानाने झालेली चूक त्यास बऱ्याचदा सापडते, परंतु हेतुपुरस्सर केलेली बनवाबनवी सहसा सापडत नाही. म्हणूनच लेखकाच्या प्रामाणिकपणाची जागा कोणतीही तपासणी घेऊ शकत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रातील संशोधन : मोठ्या शहरातील रुग्णालयाबाहेरून आलेल्या हस्तलिखितांनीही जागतिक नियतकालिकांत स्थान मिळविले आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथील चिकित्सक हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या दंशाचा दीर्घकाळ अभ्यास केला. दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर उपयुक्त ठरते, हे १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. पूर्वी सु. ३० टक्क्यांच्या घरात असलेले तीव्र दंशातील मृत्युप्रमाण त्यानंतर अगदी अल्प झाल्याचे त्यांच्या नोंदींवरून दिसते. त्यांनी पुढे महाड येथेच ७० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी घेतली. तिचा वृत्तांत २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्णपणे लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठच झाले. ज्या औषधामुळे संशोधकाचे नाव झाले, ते एकट्याने वापरणे अपुरे पडते, हे त्याच संशोधकाने प्रसिद्ध केले. प्रकाशननीतीचा गाभा नियमावलीत जेवढा सापडतो, तेवढाच अशा उदाहरणातही सापडतो.

गडचिरोली जिल्ह्यात राणी बंग व अभय बंग यांनी केलेल्या पाहणीचा निबंध १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक व्याधी आढळल्या. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंतची माहिती प्रामुख्याने रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांवरून गोळा केलेली असल्याने हे दुखणे आकडेवारीत उतरलेच नव्हते. याच संशोधकांचा नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीविषयीचा निबंध १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांतील या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालकांच्या मृत्युप्रमाणात तुलनेच्या गावांपेक्षा सु. ६२ टक्के घट दिसून आली. या निष्कर्षांचा पुढे शासकीय आरोग्यधोरणावर परिणाम झाला.

निष्कर्ष महत्त्वाचे असूनही नैतिक वाद उद्‌भवू शकतो, याचे उदाहरण इंदापूरलगतच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या संशोधनात मिळते. उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाळणी-तपासण्यांचा तौलनिक अभ्यास करण्यात आला. त्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचाही सहभाग होता. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, विषाणुचाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४, तर चाळणी-तपासणी न झालेल्या तुलनेच्या गटात ६४ स्त्रिया मरण पावल्या. एका चाचणीनेही मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे यावरून जगास समजले. परंतु चाळणी-तपासणी उपयुक्त असल्याचे अन्य देशांत ठाऊक असताना तुलनेचा गट तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा आक्षेप घेण्यात आला. देशात त्या काळी अशी कोणतीही सार्वत्रिक योजना नव्हती व त्या गटास नेहमीची उपलब्ध सेवा मिळत होती, अशी संशोधकांची बाजू होती. हा वाद २०१४ च्या सुमारास मुंबईच्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये सविस्तर मांडला गेला. त्या ६४ स्त्रियांविषयी वाचकास विचार करता आला, तो निबंधात तुलनेच्या गटाचे आकडे स्पष्टपणे दिलेले होते म्हणूनच. संशोधन प्रसिद्ध करण्याच्या कर्तव्यात त्यावरील टीका शक्य करून देण्याचे कर्तव्यही येते.

गैरप्रकार व निबंध मागे घेणे : प्रकाशनातील गैरप्रकारांत माहिती बनविणे, सोयीस्कर फेरफार करणे व वाङ्मयचौर्य हे तीन सर्वांत गंभीर मानले जातात. एकच मजकूर दोन ठिकाणी छापणे, एका अभ्यासाचे तुकडे करून अनेक निबंध काढणे, वरिष्ठांचे नाव भिडेखातर घालणे आणि प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचे नाव दडविणे, हेही दोषच होत. दोष सिद्ध झाल्यास निबंध जाहीरपणे मागे घेतला जातो. लॅन्सेटने १९९८ मध्ये छापलेला, गोवराची लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा निबंध २०१० मध्ये मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत लसीविषयी पसरलेली भीती मात्र त्याबरोबर मागे घेता आली नाही.

महाराष्ट्रातील एक प्रसंग या संदर्भात उल्लेखनीय आहे. वैद्यकीय नीतीच्या चर्चेसाठीच मुंबईत १९९३ मध्ये सुरू झालेले आणि सुनील पंड्या ज्याचे पहिले संपादक होते, ते उपर्युक्त इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स हे नियतकालिकही फसवणुकीतून सुटले नाही. स्वीडनमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे वाढते प्रमाण व त्यावरील लस यांचा संबंध सुचविणारा लेख त्यात २०१८ मध्ये आला. लेखकाने सांगितलेल्या स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेने अशी व्यक्ती आपल्याकडे नसल्याचे कळविले. नावही खोटे निघाले. संपादकांनी प्रारंभी खुलासा करून लेख ठेवला होता, परंतु टीकेनंतर काही आठवड्यांतच तो मागे घेतला व घडलेला प्रकार वाचकांपुढे मांडला. नीतीविषयीच्या नियतकालिकासही लेखकाची ओळख पडताळून पाहावी लागते, हा धडा यातून मिळाला. चूक जाहीरपणे दुरुस्त करणे हे नियतकालिकाच्या विश्वासार्हतेचे लक्षण मानले जाते.

बढती व बनावट नियतकालिके : एकविसाव्या शतकात या क्षेत्रापुढे नवी अडचण उभी राहिली. भारतीय वैद्यक परिषदेने वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी ठराविक संख्येने शोधनिबंध आवश्यक केले. २०१५ च्या परिपत्रकाने पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देण्याचे ठरविले आणि केवळ संगणकीय स्वरूपात निघणारी नियतकालिके वगळली. यावर अनेक भारतीय संपादकांनी एकत्रितपणे आक्षेप नोंदविले. सहकार्याने होणाऱ्या मोठ्या अभ्यासांतील तिसऱ्या-चौथ्या लेखकाचे काम यामुळे कवडीमोल ठरते आणि माध्यमावरून गुणवत्ता ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे निकष पुढे वेळोवेळी बदलण्यात आले. परंतु रुग्णसेवा व अध्यापन यांतच दिवस जाणाऱ्या, ग्रंथालय व संख्याशास्त्रज्ञ यांचे पाठबळ नसलेल्या अध्यापकांना निबंधांची संख्या भरून काढावी लागली, हे वास्तव राहिलेच.

ही गरज ओळखून पैसे घेऊन, नाममात्र किंवा मुळीच तपासणी न करता मजकूर छापणारी बनावट नियतकालिके मोठ्या संख्येने निघाली. त्यांच्या प्रकाशकांत व लेखकांत भारताचा वाटा मोठा असल्याचे आंतरराष्ट्रीय पाहण्यांतून दिसून आले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य सूचीची छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून सूचीत आलेल्या व तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी केवळ ११२ प्राथमिक कसोट्यांस उतरली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके सूचीतून काढून टाकली. पुढे पुण्याच्या याच विद्यापीठात छाननीचे केंद्र ठेवून नवी सूची तयार करण्यात आली. ही व्यवस्था २०२५ मध्ये आयोगाने बंद केली व नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपविली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशननीती या विषयाचा अभ्यासक्रम आयोगाने २०१९ च्या अखेरीस आवश्यक केला होता.

बनावट नियतकालिकांचे नुकसान लेखकाच्या खर्चापुरते मर्यादित नसते. तपासणीविना छापलेला निष्कर्ष संगणकीय शोधात खऱ्या निबंधाशेजारीच दिसतो, संकलित आढाव्यांत शिरतो आणि उपचारांच्या शिफारशींपर्यंत पोहोचू शकतो. त्याचबरोबर ज्या रुग्णांनी रक्त दिले, प्रश्नांची उत्तरे दिली, वेळ खर्च केला, त्यांचे योगदान कोणी विश्वासाने वाचणार नाही अशा पानांत गाडले जाते.

समारोप : मुंबईच्या सभेत समोर बसलेल्या सहकाऱ्यांपुढे वाचल्या जाणाऱ्या वृत्तांतापासून संगणकावरून क्षणात जगभर पोहोचणाऱ्या निबंधापर्यंत या लेखनाचे स्वरूप पूर्णपणे पालटले आहे. लेखक व वाचक यांमधील अंतर जसजसे वाढले, तसतशी परिचयाची जागा नियमांनी घेतली. या सर्व नियमांच्या मुळाशी दोन ऋणे आहेत : एक, ज्या रुग्णांच्या शरीरावरून ज्ञान मिळाले त्यांचे आणि दुसरे, त्या ज्ञानावर विसंबून ज्यांच्यावर उपचार होणार आहेत त्यांचे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये आता बारामतीसारख्या, शेतीवर जगणाऱ्या तालुक्यांपर्यंत पोहोचली आहेत. सर्पदंश, शेतातील विषबाधा, ऊसतोडणी कामगारांची आजारपणे अशा ज्या प्रश्नांची नोंद महानगरांतील रुग्णालयांत पुरेशी होत नाही, त्यांचे पहिले साक्षीदार तेथील चिकित्सक व विद्यार्थी असतील. महाड व गडचिरोली येथील उदाहरणांवरून दिसते की, अशा ठिकाणच्या काटेकोर नोंदीस जगात वाचक मिळतो. त्यासाठी निबंधांच्या संख्येपेक्षा त्यांतील सत्यास मोल देणारी बढतीची पद्धती, कार्यक्षम नैतिकता समित्या आणि शोधलेखनाचे शिक्षण यांची जोड मिळणे आवश्यक आहे.